टेबलावरच्या खड्ड्यात पडलेले पाव्हणे

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आलेले पाहुणे, मी खणलेल्या खड्ड्यात पडून, दुपारच्या जेवणाआधी आमच्या सोप्यात वारले.

(घाबरू नका. ते त्यानंतर पुष्कळ जगले. अजूनही पंगतीत माझ्यापेक्षा दोन पोळ्या जास्त खातात.)

खड्डा टेबलावरचा होता, हे आधी समजून घ्या. नाहीतर पुढचं सगळं वेड्यांच्या इस्पितळातलं वाटेल. (समजून घेतल्यावरही वाटेलच, पण निदान क्रमानं वाटेल.)

आमचे आप्पा फौजेतून सुभेदार होऊन कोरेगावला परत आले, ते पेन्शन, एक काळी ट्रंक आणि एक खेळ घेऊन. कुठल्याशा बर्फातल्या चौकीवर महिनोन्‌महिने करायला काही नसायचं, तेव्हा चार जवानांनी मिळून तो काढला होता. खेळाचं नाव ‘रान’. एकानं रान व्हायचं. म्हणजे ओढा, झाडी, वारा, डुक्कर, बिबट्या, हे सगळं त्या एकट्यानंच व्हायचं! बाकीच्यांनी कुणी शिकारी, कुणी माग काढणारा, कुणी हाकेवाला, कुणी सापळेवाला. टेबलावर खडूनं उसाचा फड काढायचा, ओढा काढायचा, डोंगर काढायचा. माणसं म्हणजे हरभरे. जनावरं म्हणजे चिंचोके, पण ते रानाच्या मुठीत लपलेले. रान सांगणार, “म्होरं चिखलात खुरं उमटल्यात.” आपण म्हणायचं, “मी वाकून बघतो.” मग रान म्हणणार, “टाक कवड्या!” उताण्या जास्त पडल्या तर नशीब, सगळ्या पालथ्या पडल्या तर आनंदीआनंद.

आणि सगळ्या नियमांचा बाप एकच: बोललं ते केलं. ‘मी झाडावर चढतो’ असं तोंडातून निघालं, की तुम्ही चढलात. खाली यायचं तर ‘उतरतो’ म्हणून बोलायलाच पाहिजे. मी एका रविवारी झाडावर चढलो आणि उतरतो म्हणायचं विसरून जेवायला गेलो. पुढच्या रविवारी आप्पांनी खेळ मांडला आणि गंभीरपणे जाहीर केलं, “दिन्या आठ दिस झाडावर हाय. उपाशी हाय. चक्कर यायला लागलीया. टाक कवड्या.”

पडलो!

खऱ्या शिकारीवर तोवर सरकारनं बंदी घातली होती. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचं रान टेबलावर होतं आणि तिथं सरकार तेच होते. दर रविवारी आम्ही बसायचो. माग काढण्यात माझी बहीण शालन इतकी पटाईत, की मोडलेल्या काडीवरून डुक्कर नर का मादी हे सांगायची. माझं काम सापळे लावायचं. माझ्या सापळ्यात तोवर एक घोरपड, एक शेजाऱ्याची शेळी आणि दोनदा मी स्वतः सापडलो होतो.

आता शालनचं सांगतो. तिला तीन ठिकाणची माणसं बघून गेली होती. तिघांनी पोहे खाल्ले, तिघांनी “कळवतो” म्हटलं, आणि तिघंही जणू आप्पांच्या रानात नाहीसे झाले. आईनं देव पाण्यात घालायचे तेवढे घातले होते. अशात मामांनी, म्हणजे आईच्या भावानं, सांगलीकडचं एक स्थळ आणलं. मुलगा संपत, फौजेत जवान, सुट्टीवर आलेला. घरचा ऊस, कृष्णेचं पाणी. मामांनी फोटो शालनच्या हातात दिला. तिनं तो बघितला आणि परत दिलाच नाही! आमच्या घरात ह्याला होकार म्हणतात.

अडचण एवढीच, की संपतची सुट्टी संपत आली होती आणि दुसऱ्याच दिवशी ती मंडळी कराडला दुसरी मुलगी बघायला जाणार होती. म्हणजे काय ते आमच्याच घरात ठरायला हवं, आणि संध्याकाळच्या सांगलीच्या गाडीच्या आत ठरायला हवं. शिवाय ठरवणार कोण, तर संपतचे वडील हणमंतराव. मामांनी बजावलं होतं, “माणूस सोन्यासारखा हाय, पर त्यांच्या शब्दाबाहेर घरातलं मांजर पण जात न्हाई.”

त्या दिवशी सकाळी आईनं आप्पांना चुलीपाशी बोलावून ताकीद दिली.

“आज टेबलावर रान काढायचं न्हाई. त्यास्नी ह्यो नाद कळला तर म्हणतील, येड्याचं घर हाय.”

“अगं, मी कशाला काढतोय?”

“काढायचं न्हाई, बोलायचं पन न्हाई. कवड्या कुठं हायत?”

आप्पांनी खिशातून कवड्या काढून दिल्या. आईनं त्या फडताळात मिठाच्या बरणीमागं ठेवल्या. टेबलावरचा ऊस, ओढा, डोंगर सगळं तसंच होतं, त्यावर शालननं विणलेलं पांढरंशुभ्र टेबलक्लॉथ अंथरलं. सुभेदार ओढा झाकताना बघत राहिले.

पाहुणे आले. हणमंतराव, संपत आणि मामा. मामांनी पंचांग बघून आधीच सांगितलं होतं, की दीड वाजेपर्यंत वेळ वाईट, मुलगी त्यानंतर दाखवायची. म्हणजे सकाळी दहा ते दीड काय करायचं, हे पंचांगात दिलेलं नव्हतं! आम्ही पाऊस बोललो. ऊस बोललो. एस.टी. बोललो. पुन्हा पाऊस बोललो. हणमंतराव हे सरळ बसायला न जमणारे गृहस्थ होते. बसले की गुडघा हलायचा. गुडघा थांबला की बोटं वाजायची. बोटं थांबली की उठायचे, खिडकीतून डोकवायचे, घड्याळाला किल्ली द्यायचे (त्या दिवशी त्यांनी ते घड्याळ निदान पाच वेळा तरी भरलं असेल) आणि परत येऊन बसायचे. ही चुळबुळ सांसर्गिक असते. थोड्या वेळानं मामांचा पाय हलायला लागला. मग माझा. संपत बिचारा फौजेच्या शिस्तीत गप्प बसलेला, पण त्याचेही डोळे माजघराच्या पडद्याकडे गस्त घालत होते.

शेवटी हणमंतराव उठले, चहाची कपबशी ठेवायला टेबलापाशी गेले, टेबलक्लॉथवर डाग पडू नये म्हणून त्यांनी सभ्यपणे कोपरा उचलला, आणि उचललेलाच धरून उभे राहिले.

“सुबेदार, हे काय वो? कुणाच्या रानाचा नकाशा?”

आप्पा गप्प. पडद्यामागून बांगड्या वाजल्या. ती आईची ताकीद होती.

“ह्यो फडच दिसतोय. आन् ह्यो वडा. मोजणी चाललीया का?”

आप्पा आणखी गप्प. त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली होती.

“खेळ हाय त्यो,” मी म्हणालो. (मीच! दुसरं कोण?) “शिकारीचा. डुक्कर माग काढून धरायचं.”

“डुक्कर?” हणमंतरावांनी टेबलक्लॉथ सरळ ओढूनच काढलं. “आवं, आमच्या फडातनं मी डुकरं हाणल्यात! मला काय सांगता डुक्कर? मांडा!”

पाहुण्यांनीच मांडा म्हटल्यावर आप्पांचा नाइलाज झाला. इतका आनंदी नाइलाज मी पुन्हा बघितला नाही. ते स्वतः मिठाच्या बरणीमागून कवड्या घेऊन आले. त्यांच्या पाठोपाठ आई पडद्याशी आली, मला खुणेनं बोलावलं आणि कानात म्हणाली, “पाव्हण्याला जिकू दे. काय बी कर, पर डुक्कर त्यांच्याच हातनं मरू दे.”

एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच पडली होती.

माणसं वाटली. हणमंतराव शिकारी, हातात बंदूक, उसाच्या कडेला मचाणावर. संपत हाकेवाला, रॉकेलचा रिकामा डबा वाजवून डुक्कर उठवायचं. मामा दुसऱ्या मचाणावर. (मामा म्हणाले, “मी वरच बसतो आन् खाली काय झालं तर सांगा.”) मी सापळेवाला. आप्पा अर्थातच रान.

सापळा कुठं लावला हे फक्त रानाच्या कानात सांगायचं असतं. सापळेवाल्यानं बाकी कुणाला तोंडानं सांगितलं तर सापळा बाद! मी वाकून आप्पांना म्हणालो, “फडातनं वड्याकडं जाणाऱ्या पायवाटेवर खड्डा खणतो. वर पाचट टाकतो.” आप्पांनी मान हलवली. माझी योजना साधी होती. संपत डबा वाजवेल, डुक्कर पायवाटेनं पळेल, खड्ड्यात पडेल, आणि मचाणावरून पाहुणे आरामात बार टाकतील. पाहुण्यांनी करायचं काय, तर फक्त बसून राहायचं.

फक्त बसून राहायचं! हणमंतरावांनी!

“वारा पडलाय,” आप्पा रानाच्या आवाजात म्हणाले. ह्या आवाजात ते जरा घोगरे व्हायचे. “फडात काय तरी खसखसतंय. हणमंतराव, काय करताय?”

“बसलोय.”

“बरं. खसखस थांबली. आता?”

“बसलोय की.” गुडघा हलायला लागला. टेबलावरचे हरभरे थरथरले.

“एक पाखरू उडालं. आता?”

“सुबेदार, डुक्कर कवा येनार?”

“ते डुकराला म्हाईत.”

गुडघ्यानं वेग घेतला. मचाणावरचा हरभरा, म्हणजे खुद्द हणमंतराव, लटपटत फडाच्या कडेला आला.

“मी उतरतो,” हणमंतराव म्हणाले.

मी घाईघाईनं म्हणालो, “पाव्हणं, बसा की! वरनं निशाण लय ब्येस लागतं.”

“गड्या, मी जल्मात मचाणावर बसलो न्हाई. डुक्कर काय व्याही हाय व्हय, त्याची वाट बघत बसायला? उतरलो! वड्याकडं सरकतो!”

नियमामुळं मला खड्ड्याचं बोलता येईना. मी खोकलो. हणमंतराव म्हणाले, “खोकू नगंस, डुक्कर उठंल.” मी भुवया उडवल्या. मामांना वाटलं मला फिट येतेय, त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. शेवटी मी टेबलाखालून हणमंतरावांना पायानं हळूच ढोसलं. निदान मला वाटलं ते हणमंतराव आहेत. तो पाय संपतचा होता! संपत जवान माणूस. खूण मिळाली की अंमलबजावणी. तो ताडकन म्हणाला, “डबा वाजवतो!”

“डबा वाजला!” आप्पा गरजले. “डुक्कर उठलं! हणमंतरावांच्या पाठीमागं! काय करताय?”

“आं? पाठीमागं? पळतो! पायवाटेनं पळतो!”

बोललं ते केलं. आप्पांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मग कवड्या हणमंतरावांच्या हातात दिल्या. “टाका.”

टाकल्या. एकूण एक पालथ्या.

आप्पा सावकाश उठले, टोपी काढून काखेत धरली, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “हणमंतराव खड्ड्यात कामी आले.”

पलटणीतला रिवाज असा, की रानात कुणी कामी आलं की सगळ्यांनी उभं राहून क्षणभर गप्प राहायचं. मी सवयीनं उभा राहिलो. मामा घाबरून उभे राहिले. आणि संपत? तो आवाज ऐकल्याबरोबर टाचा जुळवून सावधान! वडील समोर खुर्चीत जिवंत बसलेत, आणि मुलगा त्यांच्या मयतीला मान खाली घालून उभा!

नेमकी तेव्हाच आई शेवेच्या बशा घेऊन बाहेर आली.

“बया! काय झालं?”

“पाव्हणं कामी आले,” आप्पा म्हणाले.

आईच्या हातातल्या बशांचं काय झालं ते सांगत नाही. शेव मात्र आम्ही पुढचे आठ दिवस कोनाकोपऱ्यातून वेचत होतो.

हणमंतराव आधी हसले. “बरं, मेलो तर मेलो. आता त्या डुकराचं काय ते...”

“पाव्हणं,” आप्पा हळू पण ठाम आवाजात म्हणाले, “मेलेल्यानं बोलायचं नसतं. नियम हाय. आन् टेबलापासनं उठायचं असतं.”

सोप्यात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. (पडली नाही, कारण सगळीकडे शेव होती.) ज्या माणसाला पन्नास वर्षांत कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं, त्याला माझ्या बापानं सोयरीक ठरवायच्या दिवशी गप्प बस म्हटलं! हणमंतरावांचा चेहरा गुऱ्हाळातल्या काहिलीसारखा तापत गेला. मग एकदम थंड झाला. ते उठले. एक अक्षर न बोलता बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. गप्प.

आणि मग गप्पच! नियम म्हणजे नियम! मामा गेले, “पाव्हणं, आत चला.” उत्तर नाही. “पाव्हणं, दीड वाजला, येळ चांगली लागली, पोरगी बघा.” उत्तर नाही. मामा परत आले आणि हताशपणे म्हणाले, “दाजी, ते मेल्यात. बोलंनात.”

जेवायला वाढलं. पुरणपोळी, कटाची आमटी, तळण. हणमंतरावांनी ताटाकडे बघितलं, आणि ज्याअर्थी मेलेला माणूस जेवत नाही त्याअर्थी तोंड फिरवलं. बाप जेवत नाही म्हणून संपत जेवेना. पाहुणे जेवत नाहीत म्हणून आम्ही जेवलो नाही. आमटीवर साय धरायला लागली. माझी बायको सुमन, आमच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं, माझ्याजवळ येऊन कुजबुजली, “आवं, नणंदेचं लगीन जमवायला बसला व्हता का मोडायला?”

आई आप्पांच्या मागं लागली.

“त्यास्नी जित्तं करा!”

“तसं करता येत न्हाई. पलटणीत गेलेला मानूस परत आला न्हाई कवा.”

“ही काय पलटण हाय? टेबल हाय ते! लाकडाचं! मी त्येच्यावर गहू निवडते!”

“नियम...”

“शालीचं लगीन मोडलं तर तुमी आन् तुमचं रान दोन्ही चुलीत घालीन!”

आप्पा हलले. त्यांनी पुष्कळ विचार करून तडजोड काढली, आणि ती कळवायला मला पाठवलं. मी कट्ट्यावर गेलो. घसा साफ केला.

“पाव्हणं, आप्पा म्हणत्यात, तुमाला नवीन भरती करून घेतो.”

हणमंतरावांनी मान जरा वळवली. आशेचा किरण!

“हाकेवाला म्हणून,” मी म्हणालो. “संपतरावांच्या हाताखाली.”

हणमंतरावांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तशी नजर मी पुढं फक्त एकदा बघितली, मी माझ्या दहावीच्या पेपरांची गोष्ट मुलांना सांगत होतो तेव्हा सुमनच्या डोळ्यांत. मग त्यांनी संपतला खूण केली. पिशवी!

पिशवी म्हणजे गाडी. गाडी म्हणजे उद्या कराड. कराड म्हणजे दुसरी मुलगी. संपतनं एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा बापाकडे, आणि जगातली सगळ्यात जड पिशवी असावी तसा तो ती उचलायला वाकला. आईनं पदर डोळ्यांना लावला. मी ह्या पायावरून त्या पायावर नाचत होतो. काहीतरी करायला पाहिजे एवढंच कळत होतं, आणि मी काही केलं की काय होतं तेही.

तेवढ्यात पडदा सरला आणि शालन बाहेर आली.

जरीची साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात पोह्यांची बशी हवी तिथं सुमनकडून आत मागवलेल्या कवड्या! आईनं “अगं!” म्हणायला तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. शालन टेबलापाशी गेली, वाकली, खडूच्या पायवाटेकडे बघितलं. नेहमी माग काढताना बघायची तसंच.

“आप्पा, बोललं ते केलं, व्हय ना?”

“व्हय.”

“आन् न बोललेलं?”

आप्पांनी जरा विचार केला. “न बोललेलं न्हाई केलं.”

“मग दादानं खड्डा खणतो म्हणून सांगितलं, तवा आत टोकदार खुंट रोवतो म्हणून बोलला व्हता?”

“न्हाई,” मी म्हणालो.

“तुला कुणी इचारलंय? आप्पा?”

“न्हाई बोलला.”

“किती खोल, ते बोलला?”

आप्पा थबकले. “न्हाई. नुसतं ‘खड्डा खणतो’ म्हणाला.”

“म्हंजे खड्डा दादानं खणलेला,” शालन म्हणाली. ‘दादानं’ ह्या शब्दावर तिनं एवढा भार दिला, की मला तो खांद्यावर जाणवला. “आता मला सांगा आप्पा, दादानं आजवर खणलेला सगळ्यात खोल खड्डा कंचा?”

आप्पांचा चेहरा हळूहळू उजळला. “परसातला. नारळाचा.”

“बगायचा का त्यो?”

ती हे सगळं मोठ्यानं बोलत होती. कट्ट्यावर ऐकू जाईल एवढं. कट्ट्यावरचा गुडघा, जो मेल्यापासून थांबला होता, एकदम हलायला लागला.

वरात परसात निघाली. पुढं शालन, मागं आप्पा, आई, मामा, सुमन, हातात पिशवी घेतलेला संपत, आणि सगळ्यांच्या मागं, आपण कुणाबरोबर नाहीच असं दाखवत, मयत हणमंतराव. आप्पांनी आदल्या वर्षी मला नारळ लावायला कमरेएवढा खड्डा खणायला सांगितलं होतं. मी सबंध सकाळ खणलं होतं. हातांना फोड आले होते. (दोन.) तो खड्डा आता जांभळीखाली सर्वांसमोर होता. त्यात आमची कोंबडी बसली होती आणि ती जवळजवळ सगळीच्या सगळी वर दिसत होती.

हणमंतराव पुढं आले. कोंबडी उठवली. उजवा पाय खड्ड्यात ठेवला. मग डावा. धोतर जरा उचललं. खड्डा त्यांच्या घोट्याच्या जेमतेम वर आला. ते खाली बघत राहिले. मग वर आप्पांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“ह्यात?” हणमंतराव म्हणाले. मेल्यानंतरचा त्यांचा पहिला शब्द! “ह्यात मेलो व्हय मी?”

आप्पा सावधान झाले. “रिपोर्ट चुकीचा व्हता. दुरुस्ती करतो. हणमंतराव जिवंत. पाय मुरगळला.”

“मुरगळला पन न्हाई!”

“बरं. धोतराला माती लागली.”

“तेवढं कबूल!” हणमंतराव खड्ड्यातच उभे राहून असे हसले, की कोंबडी भिंतीवरून शेजारी गेली. “आरं दिनकर, डुक्कर धरायला खणला हुतास का बशी ठेवायला?”

सगळे हसले. संपतसुद्धा. माझी बायको सगळ्यांत जास्त. मीही हसलो, कारण तिथं न हसता उभं राहायची सोयच मला उरली नव्हती.

“पर मग डुक्कर कुठं गेलं?” हणमंतरावांनी एकदम विचारलं. माणूस जिवंत झाल्याची हीच खूण!

“खड्डा उथळ, डुक्कर वरनं उडी मारून वड्यावर गेलं,” शालन म्हणाली. “चिखलात लोळून परत फडात शिरनार. उसाच्या कांड्यावर चिखल किती उंचीवर पुसलाय ते बघायचं, म्हंजे जनावर केवढं ते कळतं.”

“आन् चिखल वला का सुकलेला,” पिशवी हातात धरलेला संपत पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला, “त्यावरनं किती येळ झाला ते कळतं.”

शालननं त्याच्याकडे बघितलं. संपतनं शालनकडे बघितलं. कोंबडीच्या खड्ड्याशेजारी, एका अदृश्य डुकराच्या साक्षीनं, मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम पार पडला. मामांना तेवढ्यात घड्याळ बघायचं सुचलं. “येळ अजून चांगली हाय हां!” ते ओरडले.

आमटी गरम केली. हणमंतराव जिवंत माणसासारखे जेवले. नंतर डुक्करही त्यांच्याच हातून मेलं. शालननं माग काढून दिला, आणि मला खड्डे खणायला सक्त मनाई होती. पण ह्या सगळ्या धामधुमीत ते एक शब्द बोलायचे राहिले. होकाराचा! आम्ही सगळे त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. ते बोलतील म्हणून मी पिशवी हातातच धरून ठेवली. ते ऊस बोलले. पाऊस बोलले. गाडीत चढले. आप्पा ताठ, आई देवाचं नाव घेत, मी गाडीला अर्धा लटकलेला. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, तेव्हा हणमंतरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“सुबेदार! कळवतो!”

आईनं माझा दंड धरला. चौथं “कळवतो”!

“...तारीख कंची धरायची ते! बामणाला इचारून उद्याच कळवतो! कराडला काय जात न्हाई आता!”

मी पिशवी खिडकीतून आत फेकली आणि ती कंडक्टरला लागली. पण त्या क्षणी ते कुणी मनावर घेतलं नाही. (कंडक्टरनं घेतलं. पण तो गाडीत होता.)

लग्न झालं. पहिल्या दिवाळीला आम्ही सगळे शालनच्या सासरी गेलो. बघतो तो सोप्यात एक मोठं टेबल, त्यावर खडूचा फड, खडूची कृष्णा, आणि टेबलाच्या वरच्या अंगाला हातात कवड्या घेऊन हणमंतराव! गुडघा हलतोय.

“बसा! हितं रान मी. संपत, तू शिकारी. सूनबाई माग काढनार. सुबेदार, तुमी मचाणावर, वय झालं. सुमनबाई, तुमी डबा वाजवा.”

“आन् मी?” मी विचारलं. “सापळे?”

“छ्या! सापळ्याचं नावच काढू नगंस. आमच्या रानात नवा नियम हाय. जनावर पन मानसानंच व्हायचं.” त्यांनी मुठीतला चिंचोका माझ्यापुढं ठेवला. “तू डुक्कर.”

तेव्हापासून दर दिवाळीला सांगलीकडच्या एका टेबलावर मी डुक्कर असतो. बहीण माझा माग काढते, मेव्हणा बंदूक रोखतो, आणि माझी स्वतःची बायको माझ्यामागं डबा वाजवत धावते. सगळे म्हणतात, डुक्कर फार नैसर्गिक होतं माझ्याकडून. सुमन म्हणते, “बरं झालं बाई. एक तरी काम ह्यांना कुणी न शिकवता जमलं!”